बर्फाच्या गोळ्याचा पूर्वेतिहास

चैत्राचे ऊन तापू लागले, की बर्फाच्या गोळ्याच्या गाडीभोवती मुले जमतात. रंध्यावर किसलेला बर्फ मुठीत दाबला असता त्याचे कण परस्परांस चिकटून गोळा तयार होतो. कणांच्या मधल्या पोकळीत सरबत भरून राहते. आज हा गोळा सहज मिळतो. परंतु पूर्वी मैदानी प्रदेशात भर उन्हाळ्यात बर्फ मिळणे हेच दुर्घट होते.

अकबराच्या दरबारात प्रथम सोरा घातलेल्या पाण्यात सुरई फिरवून पाणी थंड करीत. १५८६ च्या सुमारास दरबार पंजाबात गेल्यावर उत्तरेच्या डोंगरांतील बर्फ नावा, गाड्या व हमाल यांच्याकरवी लाहोरास येऊ लागला, असे अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त नमूद केले आहे.

जेथे डोंगर जवळ नव्हते, तेथे लोकांनी निराळीच युक्ती योजिली. अलाहाबादेस, म्हणजे आजच्या प्रयागराज येथे, ती कशी चाले याचे वर्णन रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली प्रसिद्ध केले. मोकळ्या माळावर सुमारे दोन फूट खोल खड्डे खणून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरीत. त्यांवर मातीची उथळ, सच्छिद्र भांडी मांडून संध्याकाळी त्यांत उकळून निवविलेले पाणी ओतीत. हिवाळ्यातील निरभ्र व निर्वात रात्री हे पाणी आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करी व भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होई. ताटांमुळे जमिनीची ऊब त्यास पोचत नसे. पहाटे जमलेले पापुद्रे गोळा करून उन्हाळ्यासाठी तळघरात साठवीत.

१८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने बोस्टनहून कलकत्त्यास सुमारे १८० टन बर्फ पाठविला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातील सुमारे १०० टन शिल्लक राहिला. पुढे यंत्राने बर्फ तयार होऊ लागला, आयात बंद पडली आणि श्रीमंतांच्या पेल्यातील बर्फ रस्त्यावरील गाडीपर्यंत पोचला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पाणी गोठल्याने त्यातील सर्व रोगजंतू मरत नाहीत. अनेक जंतू बर्फातही जिवंत राहतात. म्हणूनच २०१८ साली महाराष्ट्रात अखाद्य बर्फास निळा रंग देणे बंधनकारक करण्यात आले. गोळ्याची खरी गोडी सरबताआधी शुद्ध पाण्यावर अवलंबून असते.