हिरवळ विरळ झाली? बी टाकण्याआधी कारण शोधा, सुपा-जोयड्याचं वेळापत्रक वेगळं!

सुपा (ता. जोयडा) : पावसाळा ओसरला की जोयडा तालुक्यात एक चित्र हमखास दिसते. चहूकडे डोंगर हिरवेगार, पण होमस्टेच्या अंगणातली किंवा शाळेपुढची हिरवळ मात्र जागोजागी टक्कल पडल्यासारखी. कुठे लाल माती उघडी, कुठे शेवाळ, कुठे नुसता लव्हाळा. मग मोबाईलवर व्हिडिओ पाहून बियांचे पाकीट मागवले जाते, बी टाकले जाते आणि महिन्याभराने टक्कल तसेच राहते. पैसे गेले, मेहनत गेली आणि पर्यटकांचा हंगामही तोंडावर आला.

जुन्या विरळ गवतावरच नवे बी पेरून ते दाट करण्याची पद्धत चांगली आहे. सगळी हिरवळ उपटून नवी लावण्यापेक्षा ती स्वस्तही पडते. पण बी टाकणे हे या कामातले शेवटचे पाऊल. त्याआधी तीन गोष्टी कळायला हव्यात : गवत कशाने मेले, गवत कोणते आहे आणि महिना कोणता आहे.

व्हिडिओतला सल्ला इथे का चालत नाही?

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतल्या गवतांसाठी असतात. राय ग्रास, फेस्क्यू ही गवते थंडीत वाढतात आणि आपल्या उन्हाळ्यात तग धरत नाहीत. दिल्लीकडे हिवाळ्यात हरळी पिवळी पडते, तेव्हा तिच्यावर राय ग्रास पेरतात. पण उन्हाळा आला की ते मरते, तो तात्पुरता हिरवा रंग असतो. सुपा, बेळगाव, गोवा किंवा कोल्हापूरच्या अंगणात तो खर्च करण्यात अर्थ नाही.

गवताला वेळ द्यावाच लागतो, हे मोठ्या मैदानांनाही चुकलेले नाही. 2023 च्या मार्चमधली भारत-ऑस्ट्रेलिया तिसरी कसोटी धर्मशाळेहून इंदूरला हलवावी लागली. कडक थंडीमुळे मैदानावर गवताची पुरेशी दाटी नाही आणि ती व्हायला वेळ लागेल, असे बीसीसीआयने तेव्हा सांगितले होते. क्रिकेट मंडळाला जे जमले नाही, ते घरच्या अंगणात पंधरा दिवसांत कसे जमणार?

आधी टक्कल का पडले ते बघा

*सावली :* हरळीला रोज किमान सहा तास ऊन लागते. फणस-आंब्याखाली ती विरळच होणार, कितीही बी टाका. तिथे सावली सोसणारे रुंद पानांचे बफेलो किंवा कार्पेट ग्रास लावावे. अगदीच दाट सावली असेल तर गवताचा नाद सोडून खडी पसरलेली बरी.

*घट्ट माती :* जांभ्याची लाल माती वाळली की दगडासारखी होते. पाऊस पडून गेल्यावर, माती ओलसर असताना लांब स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत खुपसून पाहावा. तीन-चार इंच सहज गेला नाही, तर मुळांनाही वाट नाही. शाळेच्या मैदानावर 15 ऑगस्टच्या कवायतीनंतर आणि होमस्टेत गाड्या लावतात त्या कडेला हेच झालेले असते.

*हुमणी :* सुकलेले गवत हाताने ओढल्यावर चटईसारखे उचलून येत असेल, तर मुळे हुमणीने खाल्लेली असतात. उसाच्या शेतकऱ्यांना ही अळी नवी नाही. जंगलाला लागून असलेल्या वाड्यांत तिच्यामागोमाग रानडुक्करही येते आणि एका रात्रीत हिरवळ नांगरून जाते. अळी जमिनीत असताना नवे बी टाकणे म्हणजे तिला ताजा घास देणे.

*आंबट माती :* धो-धो पावसात मातीतले क्षार वाहून जातात आणि माती आम्लधर्मी होते. शेवाळ माजणे हे सावली आणि ओलीबरोबर याचेही लक्षण असू शकते. पण चुना अंदाजाने टाकू नये, आधी माती तपासून घ्यावी. उत्तर कन्नडमध्ये रयत संपर्क केंद्रात किंवा शिरसीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. महाराष्ट्र-गोव्यातही जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माहिती मिळते.

सगळ्या गवताचे बी नसते

इथेच जास्त जण फसतात. साधी हरळी, म्हणजे आपल्या दूर्वाच, कन्नडमध्ये गरिके, तिचे बी बाजारात मिळते. पण मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या हरळीच्या कित्येक संकरित जाती वांझ असतात, त्यांना उगवणारे बी धरतच नाही. नर्सरीतून चटईसारखे तुकडे आणून लावलेले गवत बहुधा अशाच किंवा कोरियन गवताच्या जातीचे असते. त्यात साधी हरळी पेरली तर अंगण दोन रंगांचे ठिगळ लावल्यासारखे दिसते.

अशा हिरवळीत कांड्या लावाव्यात. दाट भागातून धावत्या काड्या काढून दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करावेत आणि तीन-चार इंचांवर खोचावेत. एक डोळा मातीत, शेंडा वर. मजुरी जास्त लागते, पण रंग एकच राहतो आणि पावसाच्या सरीत बियांपेक्षा कांडी लवकर जम धरते.

मुहूर्त कोणता?

बेळगाव, कोल्हापूरच्या पूर्वेला पाऊस बेताचा, तिथे जून-जुलैची पेरणी चालते. मराठवाडा-विदर्भातही तीच वेळ बरी. पण कॅसलरॉक, अनमोड, गणेशगुडीच्या पट्ट्यात ऐन पावसात टाकलेले बी ओढ्याला मिळते. इथे बियांसाठी योग्य काळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण हस्त नक्षत्राच्या आगेमागे. पावसाचा जोर कमी झालेला, ऊन परतलेले, जमीन अजून उबदार आणि ओली. त्यानंतर रात्री गार होऊ लागतात आणि हरळीची वाढ मंदावते.

अडचण अशी, की नवी हिरवळ सहा ते आठ आठवडे तुडवायची नसते आणि नेमकी दसरा-दिवाळीची गर्दी तेव्हाच. यावर सोपा तोडगा म्हणजे अंगणाचे दोन भाग करावेत. यंदा एक भाग दोरी बांधून बंद ठेवावा, दुसरा पाहुण्यांना द्यावा. पुढच्या वर्षी उलट. किंवा मोठा पाऊस लागण्याआधी, मेअखेरच्या वळवाच्या सरींवर कांड्या लावून घ्याव्यात.

पेरणी अशी करावी

1. जुने गवत इंचभर उंचीवर कापावे. दाताळ्याने वाळका थर ओढून माती उघडी करावी. बी मातीला टेकले नाही तर उगवत नाही.

2. घट्ट जागी काट्याने किंवा पहारीने तीन-चार इंच खोल भोके पाडावीत. लव्हाळा गड्ड्यासकट काढावा.

3. बियांची परीक्षा घ्यावी. ओल्या फडक्यात 100 बिया दोन आठवडे ठेवाव्यात. निम्म्याही उगवल्या नाहीत, तर ते पाकीट परत करावे.

4. गुंठ्याला अर्धा ते एक किलो बी पुरते. हरळीचे बी अगदी बारीक, किलोत वीस लाखांहून जास्त दाणे असतात. म्हणून चौपट कोरड्या वाळूत मिसळून अर्धे उभे, अर्धे आडवे फेकावे.

5. चाळलेले कुजके शेणखत, माती आणि वाळू यांचा अर्धा सेंटीमीटर थर द्यावा. पूर्ण गुंठ्याला साधारण चाळीस-पन्नास घमेली लागतात. कच्चे शेण नको, त्यातून तणच येते. उतारावर गोणपाट किंवा भाताचा पेंढा पातळ पसरावा.

6. पहिले दोन आठवडे दिवसातून दोन-तीनदा झारीने हलके पाणी. पाईपची धार नको. कोंब एक ते तीन आठवड्यांत दिसतात. दोन इंच झाल्यावर पहिली कापणी, एका वेळी वरचा तिसरा हिस्साच. महिन्याभराने गुंठ्याला अर्धा किलो युरिया पान कोरडे असताना टाकून लगेच पाणी द्यावे.

एक खबरदारी. तणाचे बी उगवू न देणारे पेंडीमिथेलीनसारखे तणनाशक मारले असेल, तर ते पेरलेल्या गवतालाही उगवू देत नाही. लेबलवरची मुदत संपेपर्यंत थांबावे.

एप्रिलमध्ये पाणी आहे का?

शेवटचा प्रश्न खरे तर पहिला विचारायला हवा. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले, तर एका गुंठ्याला रोज सुमारे 500 लिटर लागते. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. म्हणजे गुंठाभर हिरवळ रोज नऊ माणसांचे पाणी पिते.

मूळ सुपा गाव काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेले आणि नाव धरणाला राहिले. पण समोर जलाशय दिसतो म्हणून अंगणातल्या विहिरीला पाणी असतेच असे नाही. त्यामुळे पेरणीआधी गेल्या एप्रिल-मेमध्ये विहीर कुठवर उतरली होती, हे आठवावे. पाणी पुरणार नसेल तर बसण्या-खेळण्यापुरती पाव गुंठा हिरवळ नीट राखावी आणि बाकी जागा झाडांना द्यावी. साधी हरळी उन्हाळ्यात पिवळी पडली तरी घाबरायचं कारण नाही. खालच्या काड्या जिवंत असतात, वळवाच्या दोन सरी पडल्या की ती आपणहून हिरवी होते. त्या पिवळेपणाला टक्कल समजून मेमध्ये पुन्हा बी आणायला धावू नये.