सुचलेलं बांधावरच राहू देऊ नका

आडसाली लागणी तोंडावर आल्या आहेत. बेणे, खत, पाणी यांवर या पत्रिकेतून आम्ही वेळोवेळी लिहीत आलो आहोत आणि पुढेही लिहू. आज मात्र विषय थोडा वेगळा घेतला आहे. काम करता करता आपल्याला जे सुचते, जे दिसते, ते टिपायचे कसे आणि वेळेवर हाताशी येईल असे लावून ठेवायचे कसे, याबद्दल चार गोष्टी सांगणार आहोत. खर्च म्हणाल तर एक पेन्सिल आणि दोन वह्या.

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या एका जुन्या सभासदांच्या वस्तीवर बसलो होतो. बोलता बोलता विचारलं, "तात्या, मागल्या लागणीला मोठी बांधणी कधी केलीत?"

"दिवाळीच्या मागंपुढं."

"मागं का पुढं?"

तात्या हसले. "अवो, लिवून ठिवायला आमी काय तलाठी हाय? समदं डोक्यात हाय."

तात्यांचा ऊस चांगला असतो, त्यांच्या अनुभवाबद्दल शंका नाही. पण दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरच्या मध्यावर. म्हणजे 'दिवाळीच्या मागंपुढं' यात महिना-दीड महिना सहज मावतो. लागणीच्या उसाला नत्राचा ४० टक्के हप्ता मोठ्या बांधणीलाच द्यायचा असतो. महिन्याचा फरक तिथे लहान नाही. तारखेची ही गत, तर नुसत्या विचाराची काय होत असेल?

आमच्यातल्या एकाची गोष्ट

दुसऱ्याचे कशाला सांगा. ही पत्रिका काढणारे आम्ही चौघे-पाचजण स्वतः ऊस करतो. आमच्यातल्या एकाचा ओढ्याकडेचा दोन एकरांचा तुकडा आहे. सऱ्या लांब, पाट वरच्या अंगाला. एप्रिलातल्या एका रात्री वीज आली म्हणून हे दारं धरायला गेले. बॅटरीच्या उजेडात उभं राहून बघतात, तर वरच्या टोकाला सरी तुडुंब, खालच्या टोकाला ढेकूळसुद्धा भिजलेलं नाही. पाणी खाली पोचेपर्यंत वरची जमीन गरजेच्या दुप्पट पाणी पीत होती. खालचा ऊस दरसाल बारीक का राहतो, ते त्या रात्री त्यांना उमगलं. मधून एक आडवा पाट काढून सरीचे दोन भाग केले की काम झालं!

पण उभ्या उसात आडवा पाट कसा काढणार? "पुढच्या लागणीला बघू," म्हणून ते घरी आले आणि झोपले.

पुढची लागण आली ती तीन वर्षांनी. जुलैत लावलेला आडसाली ऊस पुढल्या वर्षी डिसेंबरात तुटला. खोडवा ठेवला, तो आणखी एका वर्षाने गेला. मग नांगरट, रान तापवणं, आणि पुन्हा जुलै. त्या जुलैत ट्रॅक्टर सऱ्या सोडत होता, बेण्याची गाडी रस्त्यात अडकली होती, पावसाचं भरून आलं होतं. आडव्या पाटाची आठवण कोणाला असणार? सऱ्या पूर्वीसारख्याच लांब पडल्या. पुढच्या एप्रिलात हे पुन्हा रात्री दारं धरायला उभे, आणि पुन्हा तेच सुचलं. या वेळी कपाळावर हात मारून घेतला, पण लिहिलं या वेळीही नाही. आणखी तीन वर्षं गेली.

सहा वर्षं खालच्या टोकाचा ऊस बारीक राहिला, तो पाण्यावाचून. उपाय ठाऊक होता, पण जुलैत तो आठवला नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी त्याच रात्री गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलं, 'सरी सोडताना आडवा पाट.' आता पाट झाला आहे. खालचा ऊस वरच्याच्या बरोबरीला आला असं म्हणणार नाही, पण फरक बांधावरून दिसतो.

उसाचा आणि विसराचा संबंध

भाजीपाला करणाऱ्याला आजची चूक दोन-तीन महिन्यांत सुधारता येते. उसाचे तसे नाही. सुरू ऊस १२ महिन्यांचा, पूर्वहंगामी १४-१५ महिन्यांचा, आडसाली १६ ते १८ महिन्यांचा. त्यावर खोडवा धरला की रान पुन्हा मोकळे व्हायला दोन-अडीच वर्षे जातात. उसात विचार सुचतो एका कामाच्या वेळी आणि त्याचा उपयोग असतो दुसऱ्याच कामाच्या वेळी. पाणी देताना सुचते ते सऱ्या सोडतानाचे. नांग्या भरताना कळते ते बेणे निवडतानाचे. तोड चालू असताना दिसते ते भरणीत राहून गेलेले. मधल्या काळात लग्नसराई, दुखणी-बाणी, सोसायटीचे हप्ते, पोरांच्या शाळा. माणसाची आठवण कितीही पक्की असली तरी या ओझ्याखाली दबते.

म्हणून या लेखातली मुख्य गोष्ट एवढीच ध्यानात ठेवा : सुचलेलं ज्या दिवशी सुचलं त्या तारखेखाली गाडून ठेवू नका. ज्या कामाला ते लागणार, त्या कामाच्या पानावर ठेवा.

रानात टिपायचे कसे?

(१) खिशात मावेल अशी छोटी वही आणि शिसपेन्सिल. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही आणि शाईचं लिहिलेलं पाण्यानं फुटतं. पेन्सिलीचं तसं होत नाही. वही दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून ठेवावी.

(२) चारच गोष्टी लिहा : तारीख, तुकडा, सरी, काय दिसले किंवा सुचले. 'ओढ्याकडचं, पाटापासून ५वी सरी, शेंडे पिवळे.' एवढे बस्स. शुद्धलेखन बघणारा गुरुजी इथे कोणी नाही.

(३) त्याच जागी लिहा. "घरी गेल्यावर लिहितो" म्हणालात की गेलं. बांध ओलांडेपर्यंत दुसरा विषय निघतो.

(४) हात चिखलात असले तर खूण करा. त्या सरीच्या टोकाला काठी रोवा, पानाला चिंधी बांधा. मोबाईल असेल तर दोन वाक्ये बोलून ठेवा, फोटो घ्या. पण मोबाईलातले त्या आठवड्यात वहीत उतरवा. नाहीतर लग्नाच्या फोटोंच्या गर्दीत तुमचा पिवळा शेंडा सापडायचा नाही.

(५) दुसऱ्याचे बोलणेही टिपा. खुरपणाऱ्या बाया प्रत्येक सरीतून बसून पुढे सरकतात. पोंगा कुठे जळालाय, हुमणी कुठे लागलीय, हे मालकाच्या आधी त्यांना दिसते. "मालक, हितली रोपं हातात येत्यात," असे कोणी म्हणाले तर "बघू" म्हणून सोडून देऊ नका. तोडकऱ्यांनाही विचारा. कोणत्या भागात ऊस पोकळ निघाला, ते त्यांच्या कोयत्याला कळलेले असते.

घरी लावायचे कसे?

खिशातली वही म्हणजे काट्यावर यायच्या आधीची गाडी. माल भरलाय, पण वजन झालेलं नाही. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी म्हणा, अर्धा तास बसून त्यातले मोठ्या वहीत उतरवा. मोठ्या वहीत कामाप्रमाणे पाने पाडा : मशागत व सऱ्या, बेणे व लागण, खते, पाणी, कीड-रोग, बांधणी, तोड, खोडवा. शेवटचे पान 'विचारायचे आहे' याचे.

आता उतरवताना प्रत्येक टिपणाला एकच प्रश्न विचारा, "हे मला कधी लागणार?" 'पाणी खाली पोचत नाही' हे पाणी देताना सुचले असले, तरी ते जाईल 'मशागत व सऱ्या' या पानावर. 'पाचट जाळलं नाही त्या कोपऱ्यात ओल टिकली' हे उन्हाळ्यात दिसले, पण त्याची जागा 'खोडवा' या पानावर, कारण पाचट ठेवायचे की नाही हे तोड झाल्या झाल्या ठरते. जे नुसतीच शंका असेल, ते 'विचारायचे' या पानावर. चिटबॉय किंवा शेतकी अधिकारी वस्तीवर आले की ते पान उघडा. एरवी ते आले की चहा होतो, गप्पा होतात, आणि ते गेल्यावर विचारायचं होतं ते आठवतं. हा आमचाही अनुभव आहे.

लिहिता येत नसेल तर घरात शाळकरी नातू-नात आहे, सूनबाई आहे. तुम्ही सांगा, त्यांना लिहू द्या. यात एक फायदा असा की पुढच्या पिढीला रानातले बारकावे आपोआप कळतात. आणि काम निघाले की आदल्या दिवशी त्या कामाचे पान वाचायला विसरू नका. वाचले नाही तर लिहिणे वाया.

दोन सऱ्यांची परीक्षा

सुचलेले सगळेच बरोबर असते असे नाही. म्हणून नवी कल्पना सबंध रानावर करू नका. दोन सऱ्यांत करा, बाकी नेहमीप्रमाणे. त्या सऱ्यांना खुणेच्या काठ्या लावा आणि वहीत लिहा.

तोडीपूर्वी हिशेब असा करा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सरी ४ फुटी असेल तर एकरातल्या सऱ्यांची एकूण लांबी १०,८९० फूट. १० फूट सरीत तुटण्याजोगे ऊस मोजा आणि त्यांना १,०८९ ने गुणा. ४० ऊस भरले तर एकरी ४३,५६०. ३० भरले तर ३२,६७०. दहा-बारा ऊस तोडून वजन करा आणि सरासरी काढा. ती सव्वा किलो आली असे धरले, तर पहिल्या ठिकाणी एकरी सुमारे साडेचोपन्न टन आणि दुसऱ्या ठिकाणी जेमतेम एक्केचाळीस टन. म्हणजे दहा फुटांत दहा उसांचा फरक एकरी साडेतेरा टनांवर जातो. मोजणी एकाच जागी न करता चार-पाच ठिकाणी करून सरासरी घ्यावी, म्हणजे आपलीच फसगत होत नाही.

नोंदीतून काय उभे राहते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली आपल्या भातात त्यांना काही लोंब्या इतरांपेक्षा वेगळ्या दिसल्या. अशा लोंब्या आपल्यापैकी कितीजणांना दिसून गेल्या असतील! दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या, बी वेगळे ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे निवड करत राहिले. त्यातून जो बारीक तांदूळ आला त्याला त्या काळच्या घड्याळावरून 'एच.एम.टी.' नाव पडले आणि तो घरोघर गेला. दादाजी २०१८ साली गेले. वेगळे ठेवलेले बी हेच त्यांचे टिपण. दिसलेले त्यांनी बांधावर सोडले नाही.

आपल्या उसाचेच बघा ना. को ८६०३२ हे नाव आपण रोज घेतो. 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल, ०३२ म्हणजे त्या सालच्या निवडीतला क्रमांक. फुले २६५ म्हणजे मूळची कोएम ०२६५ : सन २००२, क्रमांक ६५. हजारो रोपांतून एक रोप निवडताना प्रत्येकाला क्रमांक दिला, नोंद ठेवली, म्हणून ती जात हाती लागली. आपल्या रानात उभे असलेले पीक अशा नोंदींतूनच आलेले आहे.

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, या लागणीपासून सुरुवात करा. पहिल्या पानावर लागणीची तारीख, जात आणि बेणे कोणाकडून आणले ते लिहा. ऊसनोंदीच्या वेळीही ते उपयोगी पडेल, कारण तोडीचा क्रम ठरवताना लागणीची तारीख आणि जात बघितली जाते. पुढचे आपोआप सुचत जाईल.

तात्यांना आम्ही एक वही नेऊन दिली. "बगू," म्हणाले. परवा त्यांच्या नातीनं पहिलं पान दाखवलं. त्यावर एकच ओळ होती : 'आजोबा म्हणतात, विहिरीकडच्या कोपऱ्यात बेणं दाट लावायचं, मागल्या खेपेला तिथं नांग्या पडल्या होत्या.'

तुमच्याही वहीत दोन सऱ्यांची परीक्षा झाली, तर गट कार्यालयात येऊन सांगा. यश आले असेल ते सांगा, फसले असेल तेही सांगा. या पत्रिकेत त्याला जागा आहे.