क्लचचा स्विच ‘डायरेक्ट’ करून घेताय? आधी एवढं वाचा



आज पीक सल्ला नाही, आज गाडीबद्दल बोलायचंय. मागच्या आठवड्यात आपल्या संकलन केंद्रावर टोमॅटोची आवक चालू असताना एक प्रकार घडला. थोडक्यात निभावलं, म्हणून हा मेसेज.

एका सभासदाने मोटरसायकल काट्याजवळ उतारावर लावली होती. उतार आहे म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवली होती, म्हणजे बरोबरच केलं होतं. चावी मात्र गाडीलाच. दुसऱ्या एकाला ती जरा बाजूला घ्यायची होती. त्याने टांग न टाकता शेजारी उभं राहूनच हँडल धरलं, स्टँड वर केला, चावी फिरवली आणि बटण दाबलं. क्लच दाबायचं लक्षातच आलं नाही. गाडीने झटका देऊन उडी घेतली आणि सरळ काट्यावर आदळली. पावत्या लिहिणाऱ्या पोराच्या गुडघ्याला मार बसला. हाड शाबूत आहे, पण पोरगा अजून लंगडतोय.

नंतर गाडी बघितली तर क्लचच्या दांडीखाली दोन वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. मालक म्हणाला, “बटण लागत नव्हतं, गॅरेजवाल्याने पाच मिनिटांत डायरेक्ट करून दिलं.” खरं सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या गाड्या अशाच आहेत.

हा स्विच आहे तरी कशाला? डाव्या हाताच्या क्लच लिव्हरच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा एक स्विच असतो. लिव्हर पूर्ण दाबली की तो जोडला जातो. सेल्फच्या बटणाकडून रिलेकडे जाणारं सर्किट एकतर गाडी न्यूट्रलला असेल तर पूर्ण होतं, नाहीतर क्लच दाबलेला असेल तर. दोन्ही नसेल तर बटण कितीही दाबा, सेल्फ फिरत नाही. म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना चुकून बटण दाबलं गेलं तरी ती जागची हलू नये, एवढंच त्याचं काम. वायरी जोडून टाकल्या की गाडी समजते क्लच कायम दाबलेलाच आहे.

आणि लक्षात घ्या, इंजिन चालू व्हायचीही गरज नसते. सेल्फची मोटर एकटीच गाडीला पुढे ढकलते. त्यात इंजिनने पेट घेतला तर मग गाडी थांबत नाही. घरी अंगणात गाडी गिअरमध्ये उभी, चावी लावलेली, आणि टाकीवर तीन-चार वर्षांचं पोर बसून भुर्र भुर्र करतंय, हे चित्र कुणाच्या घरी नाही? त्याचा अंगठा त्या बटणापर्यंत बरोबर पोचतो.

नव्या बऱ्याच गाड्यांना साईड स्टँडलाही असाच स्विच असतो. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद पडतं. चिखलाने तो अडकला की तोही डायरेक्ट केला जातो. दोन्ही डायरेक्ट असतील तर स्टँड खाली ठेवून गाडी रस्त्याला लागते, आणि पहिल्या डाव्या वळणाला तो स्टँड डांबरावर टेकतो. मागे दुधाचे कॅन असतील तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

गाडीचंही नुकसान आहे. क्लच न दाबता गिअरमध्ये सेल्फ मारला की मोटरला इंजिनबरोबर अख्खी गाडी ओढावी लागते. बॅटरीतून फार मोठा करंट जातो. असं वारंवार झालं तर रिलेचे पॉईंट जळतात, कधी चिकटून बसतात. मग बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो. पिळलेल्या जोडाचं तर काय, हँडल वळताना ती वायर घासते, पावसात हिरवी पडते, आणि काही गाड्यांत फ्रेमला टेकली की फ्यूज उडतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी काहींमध्ये या स्विचचा सिग्नल इंजिनच्या कॉम्प्युटरलाही जातो. तिथे रेस नीट न राहण्यासारख्या तक्रारी सुरू झाल्या की गॅरेजवाला सगळं तपासतो, पण आपणच केलेला जोड कुणाला आठवत नाही. गाडी वॉरंटीत असेल आणि वायर कापलेली दिसली, तर वॉरंटी नाकारायला कंपनीला कारणच मिळतं.

आता मुद्द्याचं. बटण लागत नाही म्हणजे दोष क्लच स्विचचाच, असं नाही. आधी गाडी न्यूट्रलला घ्या, हिरवा दिवा लागलाय का बघा, आणि क्लच न दाबता बटण दाबा. बहुतेक गाड्यांत सेल्फ लागायला पाहिजे. न्यूट्रलला लागतो, पण गिअरमध्ये स्टँड वर करून आणि क्लच पूर्ण दाबूनही लागत नाही, तेव्हा संशय क्लचच्या किंवा स्टँडच्या स्विचवर. कुठेच लागत नसेल तर बॅटरी, फ्यूज आणि उजव्या हाताचं लाल किल स्विच आधी बघा. किल स्विच चुकून बंद असताना गाडी दोन किलोमीटर ढकलत आणलेले सभासद आपल्याकडे आहेत, नावं घेत नाही. काही मॉडेलांना न्यूट्रललाही क्लच दाबावाच लागतो, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

क्लचचाच स्विच निघाला तरी तो जळलेला असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्यात माती किंवा ओल गेलेली असते. एचटीपी पंपाच्या गनने गाडी धुता ना, तेच पाणी तिथे शिरतं. औषधाचा फवारा अंगावर घेऊन तशीच घरी नेलेली गाडीही तिथूनच गंजते. लिव्हर दाबताना बारीक ‘टिक’ ऐकू येतं का बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून लिव्हर वीस-पंचवीस वेळा दाबा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. लिव्हर नुकतीच बदलली असेल तर साध्या लिव्हरची दांडी स्विचपर्यंत पोचत नाही, तेही तपासा. क्लचची केबल फार ढिली नको. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर प्ले सांगितलेला असतो. एवढं करूनही नाही झालं, तर स्विच बदला. तो फार महाग नसतो आणि बसवायला एक-दोन स्क्रूचं काम असतं.

रस्त्यात अडकलात तर न्यूट्रलला घेऊन बटण मारा. किक असेल तर किक मारा. तेही नाही तर दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट आहेच. वायर कापायची वेळ येत नाही.

ट्रॅक्टरचं सांगितल्याशिवाय हा मेसेज पुरा होणार नाही. नव्या ट्रॅक्टरला क्लच पेडलखाली किंवा गिअर लिव्हरजवळ असाच स्विच असतो. तो बिघडला की माणसं खाली उभी राहून स्टार्टरच्या दोन टोकांवर पेचकस टेकवतात. ठिणगी उडते, इंजिन धरतं. जुन्या साध्या पंपाच्या डिझेल इंजिनला तर चावी बंद असली तरी फरक पडत नाही, स्टॉपची दोरी आत असली की झालं. पण आपण उभे कुठे असतो? पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर मागचं चाक आपल्याच अंगावर येतं, आणि बाजूला व्हायला एक पाऊल टाकायचाही वेळ मिळत नाही. पेचकसची सवय असणाऱ्यांनी निदान आजपासून ती सोडा. ट्रॅक्टर सीटवर बसूनच चालू करायचा, आणि होत नसेल तर मेकॅनिकला शेतावर बोलवायचा. नांगरट अर्धा दिवस थांबली तरी चालेल.

केंद्रावर आपण मल्टीमीटर आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणून ठेवलाय. माल घेऊन येताना गाडी दाखवा, स्विच चालू आहे की गेलाय ते दोन मिनिटांत कळतं. ज्यांची वायर आधीच डायरेक्ट आहे त्यांनी लाजू नका, टेप सोडून आणा. आणि केंद्राच्या आवारात गाडी लावली की चावी खिशात.