ढापे टाकले की बागायत

घोड आणि कुकडी या दोन नद्यांमधल्या शिरूर तालुक्याच्या पट्ट्याला बेट भाग म्हणतात. कवठे येमाई त्यातलंच. योजनांच्या मूल्यमापनासाठी नवशिकी पोरं-पोरी घेऊन मी या गावांतून बरीच वर्षं हिंडलोय. एकदा एका मुलीनं टॅबवरचा प्रश्न वाचला, "शेत जिरायत की बागायत?" ओट्यावर बसलेले आजोबा म्हणाले, "बंधाऱ्याला ढापे टाकले की बागायत, काढले की जिरायत." ढापे म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवायच्या लोखंडी फळ्या. टॅबवर चौकोन दोनच. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी, खोटं कशाला बोलू, घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत अजून बारा घरं उरकायची होती. 'बागायत' दाबून आम्ही पुढच्या दाराशी गेलो.

ते डोक्यातून जाईना. या धंद्यातली जुनी माणसं कशी शिकली असतील, हे धुंडाळायची खोडच मग लागली. फार लांब जावं लागलं नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरॉल्ड मान यांनी आधी पिंपळे सौदागर पाहिलं. 1771 साली तिथं सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, 1915 मध्ये 7 एकर उरली, हे त्यांनी 1917 च्या पुस्तकात मांडलं. (आज त्या 7 एकरांवर टॉवर आहेत, तो भाग वेगळा.) पण हे गाव पडलं शहराला खेटून, तिथला निष्कर्ष साऱ्या दख्खनला कसा लावायचा? म्हणून मान आणि त्यांचे सहलेखक कानिटकर यांनी दुसरं गाव मुद्दाम लांबचं, कोरडवाहू निवडलं. ते आमच्याच तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. पुस्तक 1921 चं. आपल्याच पहिल्या कामावर शंका घ्यायची, हा धडा कुठल्याही कार्यशाळेत मला मिळाला नव्हता.

गोखले संस्थेत धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचा फायदा मोजला. तो अहवाल 1948 चा. पाणी आलेल्या गावांशेजारी त्यांनी पाणी न आलेली गावंही ठेवली. हीच गोष्ट आता पोरांना जड नावांनी शिकवतात.

ऑक्टोबर 1952 मध्ये नियोजन आयोगानं कार्यक्रम मूल्यमापन संघटना काढली. तिची धुरा पहिल्यांदा आली ती पुण्याच्या बीएमसीसीचे माजी प्राचार्य द. गो. कर्वे यांच्याकडे. सामूहिक विकास प्रकल्पांच्या भागातच या संघटनेचे अधिकारी नेमले जात, पण ते प्रकल्पवाल्यांच्या हाताखाली नसत. मला हेवा वाटतो तो याचाच. मुक्काम तिथेच, म्हणजे एकाच माणसाला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोनदा विचारता येतं. 1980 मध्ये याच संघटनेनं राज्य सरकारबरोबर रोजगार हमीचं मूल्यमापन केलं. 2015 मध्ये ती नीती आयोगाच्या नव्या कार्यालयात विरून गेली. आता तीन दिवसांचं प्रशिक्षण, चौथ्या दिवशी गाव.

मला वर्षभराचा मुक्काम कोणी देणार नाही. तरी हल्ली टॅब उघडण्याआधी मी पोरांना बंधाऱ्यावर नेतो. लोखंडी ढाप्यांच्या खाचांत बोट घालायला लावतो, पाणी कुठवर चढतं याची भिंतीवरची रेघ दाखवतो. यंदा त्यांनीच प्रश्न बदलला, "वर्षात किती महिने पाणी?"

आजोबा अजून ओट्यावर असतात. म्हणाले, "ढापे चोरीला गेले नाहीत तर सहा."