औषध गाठीपर्यंत पोचले का?

कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात : "औषध तर दिले, पण ते गाठीपर्यंत पोचले की नाही?" बहुतेक उपचारांत याचे उत्तर लगेच देता येत नाही. गाठ कमी होते का, याची काही आठवडे वाट पाहावी लागते. किरणोत्सर्गी औषधांच्या उपचारात मात्र औषध शरीरात कोठे गेले, हे चित्रात पाहता येते.

याचे जुने उदाहरण म्हणजे थायरॉइडचा कर्करोग. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. तिच्या कर्करोगाच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत रोगट पेशींमध्येही बहुधा हा गुण असतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर गरजेनुसार रुग्णाला आयोडीन-१३१ तोंडावाटे देतात. १९४० च्या दशकापासून हा उपचार चालू आहे.

या आयोडीनमधून दोन प्रकारचे किरण निघतात. बीटा किरण एक-दोन मिलिमीटरच जातात व तेवढ्या जागेतील पेशी मारतात. गॅमा किरण शरीराबाहेर पडतात. ते गॅमा कॅमेऱ्यातील स्फटिकावर आदळले की बारीक चमक उठते. संगणक या चमका मोजून चित्र तयार करतो. कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही, त्यामुळे या तपासणीची भीती बाळगू नये. जोडीला सीटी स्कॅन केला तर त्याचे थोडे क्ष-किरण लागतात, एवढेच.

एकच चित्र का पुरत नाही?

औषध गाठीत किती गेले, याइतकेच ते तेथे किती काळ टिकले हेही महत्त्वाचे असते. आयोडीन-१३१ ची शक्ती सुमारे ८ दिवसांत निम्मी होते; पण गाठीने ते दोन दिवसांतच बाहेर टाकले, तर त्याचा उपयोग कमी होतो. म्हणून काही वेळा वेगवेगळ्या दिवशी चित्रे घेऊन हिशेब मांडतात.

आतड्यातील किंवा स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी ल्युटेशियम-१७७ हे औषध वापरतात. ते साधारणपणे आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार वेळा देतात. ते मूत्रपिंडांतून बाहेर पडते, म्हणून गाठीबरोबर मूत्रपिंडांना किती मात्रा मिळाली हेही पाहावे लागते. पुढचा डोस द्यावा, लांबवावा की थांबवावा, हे ठरवताना ही चित्रे आणि रक्ताच्या तपासण्या उपयोगी पडतात. मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. तेथे आयोडीन व ल्युटेशियम, दोन्ही उपचार होतात.

कधी चित्रात गाठ उजळत नाही. इतर तपासण्यांत रोग दिसत असेल, तर गाठ औषध घेत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो. बातमी वाईट असली तरी उपयोगाची असते. निष्फळ डोस, खर्च आणि किरणांचा त्रास टळतो व दुसऱ्या उपचाराचा विचार वेळेवर करता येतो.

रुग्णांनी काय करावे?

आयोडीन घेण्यापूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस आयोडीनयुक्त मीठ व समुद्रातील मासळी बंद ठेवावी. मागील काही महिन्यांत सीटी स्कॅनसाठी शिरेतून औषध दिले गेले असेल तर ते आवर्जून सांगावे. त्यात बहुधा आयोडीन असते, आणि पेशी आधीच आयोडीनने भरलेल्या असतील तर उपचाराचे आयोडीन घेत नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ही गोष्ट आधीच स्पष्ट करावी.

डोस झाल्यावर "आता बरे वाटते, फोटोसाठी पुन्हा शहरात कशाला जायचे?" असे म्हणून तारीख चुकवू नये. दिवस उलटले की औषधाचे किरण मंदावतात आणि ते चित्र पुन्हा घेता येत नाही. गावी परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वी स्कॅनची तारीख विचारून घ्यावी.