ऊसदराचे स्वतःचे सूत्र

दारव्हा भागातली मुले हल्ली उसाचा हिशेब गुगल शीट्समध्ये मांडतात, ही चांगली गोष्ट. पण दराचे सूत्र दर ओळीत हाताने लिहितात अन् तिथेच घोटाळा होतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. पुढे प्रत्येक ०.१ टक्क्यास ३४.६० रुपये वाढ, खाली तेवढीच घट. मात्र उतारा साडेनऊच्या खाली गेला तरी दर ३,२९०.५० च्या खाली उतरत नाही. नेमकी हीच अट सूत्रात राहून जाते. उतारा ९.१ असला तर नुसती वजाबाकी ३,१५२.१० दाखवते, टनामागे १३८.४० रुपये कमी. साठ टनांवर ८,३०४!

यासाठी स्वतःचे फंक्शन करावे. संगणकावर शीट उघडून ‘एक्स्टेन्शन्स’मधून ‘ॲप्स स्क्रिप्ट’ घ्यावे. फंक्शनला इंग्रजी अक्षरांत नाव द्यावे, समजा ‘ऊसदर’. उतारा साडेनऊपेक्षा कमी असेल तर ३२९०.५० परत दे; नाहीतर उताऱ्यातून १०.२५ वजा कर, ३४६ ने गुण, त्यात ३५५० मिळव. एवढेच जावास्क्रिप्टमध्ये लिहून जतन करावे. मग शीटमध्ये बरोबरचे चिन्ह, नाव अन् कंसात उताऱ्याचा रकाना. १०.७५ ला ३,७२३ आले पाहिजेत. पुढे दर बदलला तर एकाच जागी दुरुस्ती.

एक गोम आहे. उताऱ्याला टक्क्याचे चिन्ह लावले की शीट १०.७५ ला ०.१०७५ समजते आणि गुपचूप किमान दर देते. म्हणून नुसता आकडा टाकावा. उतारा कारखान्याचा धरायचा, आपल्या शेताचा नव्हे. तोडणी-वाहतूक यातून वजा होते. तिचा रकाना वेगळा ठेवावा.