केमिकल अंदाजाने नको, मापाने!

गाडी धुण्याचं केमिकल कॅनमधून थेट स्प्रेच्या बाटलीत ओतणाऱ्यांसाठी ही पोस्ट. १:१० प्रमाण म्हणजे एक भाग केमिकल, दहा भाग पाणी. म्हणजे एक लिटर मिश्रणात साधारण ९१ मिली केमिकल, १०० नव्हे! आधी पाणी घ्या, मग केमिकल. फेस कमी होतो आणि ॲसिड असेल तर अंगावर उसळण्याचा धोका टळतो.

आपल्या सोलापुरात बोअरच्या पाण्यात क्षार असतील तर शाम्पूला फेस कमी येतो, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचा हात आरओच्या पाण्याने मारा.

चाकाचा ॲसिडवाला क्लीनर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत केमिकल भरणं तर निव्वळ वेडेपणा. प्रत्येक बाटलीवर नाव, प्रमाण, तारीख लिहा. मे महिन्यात कॅन पत्र्याच्या शेडमध्ये तापत ठेवू नका, सावलीत हलवा.